मोजणी आणि दम

गेल्या वैशाखात मी गच्चीवर एकशे आठ सूर्यनमस्कारांचा हट्ट धरला होता. रथसप्तमीला जमले होते, मग आता का नाही? सकाळचे साडेआठ, फरशी तापलेली. सत्तरी ओलांडली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला टेकून बसलो, तेव्हाही मनात उरलेले आकडेच चालू होते.

आकड्यांचा हा हट्ट आला कुठून, ते शोधताना औंधला पोहोचलो. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते नमस्कारांकडे वळले आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. १९२८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ लंडनहून प्रसिद्ध झाले. शाळाभर मुलांनी एका तालात वाकायचे, तर मोजणी आलीच.

पण पंतांचा आग्रह उच्चारावरही तेवढाच होता. प्रत्येक नमस्काराला ओंकार, बीजमंत्र आणि सूर्याचे एक नाव मोठ्याने म्हणायचे. लहानपणी मला हे निव्वळ कर्मकांड वाटे.

मग सुश्रुतसंहिता वाचली. व्यायाम अर्ध्या बळाने करावा, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की ते अर्धे बळ संपले असे समजावे, असे सुश्रुत सांगतो. ‘अष्टांगहृदया’त वाग्भट आणखी कडक आहे: थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, एरवी त्याहून कमी, ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळावे.

धाप लागलेल्या माणसाला मंत्र स्पष्ट म्हणता येत नाही. पंतांनी सुश्रुताचा विचार करूनच मंत्र ठेवला, असा माझा दावा नाही. पण दम मोजायला याहून सोपे साधन मला सापडलेले नाही. मी मात्र आकडा गाठण्याच्या घाईत नेमके तेच गाळले होते.

यंदा चैत्रापासून पहाटे, ऊन चढण्याआधी, फक्त बारा नमस्कार घालतो. प्रत्येक नाव पूर्ण उच्चारायचे. आवाज तुटला की थांबायचे. काल आठव्या नावाला, ‘मरीचये नमः’ म्हणताना, आवाज तुटला. उरलेले चार संध्याकाळवर ढकलले नाहीत. सोडून दिले.