ढगांच्या फोटोचा मूळपुरुष

मृग कोरडा गेला की चारठाणा गावात मोबाइल हातोहात फिरतो. पडद्यावर इन्सॅटने टिपलेले ढग. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. अवरक्त फोटोत जितकं पांढरं, तितका ढगाचा माथा थंड आणि उंच. पेरावं की थांबावं, हे त्यावर ठरत नाही. पण बघितल्यावाचून राहवत नाही.

या फोटोचा मूळपुरुष फोटोग्राफर नव्हे, घड्याळजी. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनने १८४३ साली लंबकाच्या झोक्यावर ओळीओळीने मजकूर टिपून तारेतून पाठवण्याचं पेटंट घेतलं. पलीकडे तसाच लंबक, त्याच ठेक्यात. फोटो असा कधी जातच नाही. जातो तो ओळीतल्या काळ्या-पांढऱ्याचा हिशेब. ठेका चुकला की चेहरा तिरपा झालाच.

जर्मनीच्या आर्थर कोर्नने या यंत्राला डोळा दिला तो सेलेनियमचा. उजेड पडला की हा पदार्थ विजेला वाट देतो. आधी तार, मग रेडिओ: १९२२ साली पोप अकरावे पायस यांचा फोटो रोमहून अमेरिकेत पोचला. ३० नोव्हेंबर १९२४ रोजी अमेरिकेच्या रिचर्ड रेंजरने लंडनहून न्यूयॉर्कला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा फोटो पाठवला. वीसेक मिनिटं लागली. रेडिओची खोड अशी की लहर मध्येच क्षीण होते आणि करड्या छटांचा भरवसा उरत नाही. रेंजरने त्या छटांचे दाट-विरळ ठिपके केले, आणि दोन्हीकडचा ठेका नादकाट्यावर सोपवला. मला यात डोळ्यापेक्षा ठेक्याचीच करामत मोठी वाटते.

आपल्या मुलखात ही विद्या ढगांच्या कामी आली ती कुलाब्याला. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी १९६३ साली तिथे हवामान केंद्र उघडलं, आणि उपग्रहाचे फोटो घेणारं यंत्रही आलं. २१ डिसेंबरला अमेरिकेचा टायरॉस-८ सुटला. त्याचा कॅमेरा एक फोटो ८०० ओळींत फोडायचा, सेकंदाला चार ओळी. २०० सेकंदांत फोटो खाली. खालच्या यंत्रालाही नेमक्या चारच ओळी ओढाव्या लागत. विशेष म्हणजे, ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने फोटो घ्यावा, आडकाठी नाही. शीतयुद्धाच्या दिवसांत!

त्याआधी भर समुद्रातली हवा कळायची ती मुख्यतः जहाजांच्या बिनतारी संदेशांवरून. वादळाच्या वाटेत जहाजच नसलं, तर किनाऱ्याला त्याची खबर उशिराच लागायची.