दिंडीचा मुक्काम

आषाढी वारीसाठी पायी निघालेली दिंडी वाटेतील गावी रात्रीपुरता जो तळ देते, त्याला दिंडीचा मुक्काम म्हणतात. पालखी सोहळ्यातील सर्व दिंड्या एकत्र उतरतात त्या मैदानाला पालखीतळ असे नाव आहे. वारीवरील लेखनात चालण्याचे वर्णन पुष्कळ आढळते, त्या मानाने मुक्कामाकडे दुर्लक्ष झाले आहे. वास्तविक वारकऱ्याचा निम्म्याहून अधिक वेळ तळावरच जातो.

== पूर्वपीठिका ==
संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, असे मानले जाते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचा ठरलेला क्रम, चोपदार, तुतारी, घोडे आणि तंबू यांवर लष्करी छावणीची छाप दिसते, ती यामुळेच असावी. सोहळ्यातील अश्व आणि माउलींच्या पादुकांसाठीचा तंबू यांचा मान अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आहे.

== सामानाचा ट्रक ==
मोटारी येण्यापूर्वी दिंडीचे सामान बैलगाड्यांतून जाई. आता बहुतेक दिंड्यांबरोबर एक किंवा अधिक ट्रक असतात. वारकरी आपली वळकटी व पिशवी ट्रकमध्ये टाकतो आणि टाळ घेऊन मोकळ्या अंगाने चालतो. राहुट्या, ताडपत्र्या, शिधा, मोठी पातेली, गॅसच्या टाक्या, पाण्याची पिंपे हे सारे ट्रकमध्येच असते. भोजनखर्चासाठी वारकऱ्यांनी दिंडीकडे भरावयाच्या रकमेला भिशी म्हणतात.

ट्रक पालखीच्या मागे रेंगाळत नाही. पहाटे राहुट्या उतरवून तो भरला जातो आणि रस्ता गर्दीने अडण्याच्या आत पुढे काढला जातो. दिंडी पोहोचेपर्यंत तळावर जागा धरणे, राहुट्या उभारणे, पाणी मिळवणे आणि चूल पेटवणे ही कामे ट्रकबरोबरच्या मोजक्या माणसांना उरकावी लागतात. आषाढातील पावसामुळे राहुटीभोवती चर खणावा लागतो. तो राहिला तर रात्री अंथरूण भिजते. ट्रकच्या फळीपासून ताडपत्री ताणली की तिच्याखाली स्वयंपाकघर होते. थकलेल्या किंवा आजारी वारकऱ्याला निजण्यासाठी ट्रकचाच आसरा असतो. या माणसांना वाटेतले भजन क्वचितच लाभते, तरी त्यांच्या श्रमाला वारकरी सेवाच मानतात.

== समाजआरती ==
पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चालू असतानाच चोपदार हातातील दंड उंचावतो आणि क्षणात सारा तळ निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकतो आणि तिचे निवारण होते. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. अर्जविनंत्यांचा कागद न वापरता एवढ्या मोठ्या समुदायात गाऱ्हाणे मांडण्याची ही रीत वारीबाहेर सहसा पाहायला मिळत नाही. पहाटे तुतारीचे तीन इशारे होतात. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी आणि तिसऱ्याला प्रस्थान, असा संकेत आहे.

== बीड जिल्हा ==
शेगावच्या गजानन महाराजांची पालखी गंगाखेडहून परळी व अंबाजोगाईमार्गे तुळजापूर, सोलापूरकडे जाते. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी बीड शहरावरून जाते. परळी हे वैजनाथाचे स्थान, तर अंबाजोगाई ही मुकुंदराज व दासोपंतांची समाधिभूमी. त्यामुळे या वाटेवरचे मुक्काम मराठी वाङ्मयाच्या जुन्या भूमीवरच पडतात. धर्मापुरीसारख्या आसपासच्या गावांतील लोकांना आळंदीला जाण्याआधीच दिंडीची ओळख घरच्या वाटेवर होते.

ट्रकमधून संसार नेणे या जिल्ह्याला नवे नाही. दिवाळीच्या सुमारास बीडमधील ऊसतोड कामगार भांडीकुंडी, लेकरे आणि जनावरे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढवून साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगामभर कोपीत राहतात. दोन्ही ठिकाणी ताडपत्री तीच असते. पण एका तळावर गावोगावचे लोक अन्नदानाला येतात, दुसऱ्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

== जागेचा प्रश्न ==
पूर्वी दिंड्या गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उतरत. पुणे, सासवड, लोणंद, फलटण या वाढत्या गावांत अशी राने बांधकामाखाली गेली, तर ग्रामीण भागात बागायत वाढल्याने पडीक जमीन कमी झाली. नेमलेला पालखीतळ अपुरा पडला की मागाहून आलेल्या ट्रकला दूर उभे राहावे लागते आणि दिवसभर चाललेल्या वृद्धांना राहुटीपर्यंत आणखी पायपीट करावी लागते. शौचालये व पाणी यांची सोयही तळाच्या जागेशीच बांधलेली असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक व सामाजिक संस्थांच्या सहभागाने चालणाऱ्या ‘निर्मल वारी’ उपक्रमात तळांवर फिरती शौचालये ठेवली जातात.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातच राहुट्या पडत. नदीच्या अस्वच्छतेबाबत उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणानंतर तेथे निर्बंध आले आणि नदीपलीकडील ६५ एकर जागेवर ‘भक्तीसागर’ हा तळ विकसित झाला. तेथे दिंड्यांना भूखंड नेमून दिले जातात. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्ट्याची तरतूद आहे. रुंद रस्त्याने ट्रकची सोय होते, पण मुक्कामाची जागा रस्त्याने वाढत नाही. त्याच वर्षी राज्य शासनाने कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. वाहनतळ, पाणी, वीज, शौचालय या त्यातील गरजा दिंडीच्या ट्रकला कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत.

२०२० व २०२१ मध्ये करोना साथीमुळे पायी वारी झाली नाही. मोजक्या मंडळींसह पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि वाटेतील तळ रिकामे राहिले. २०२२ मध्ये पायी सोहळा पूर्ववत सुरू झाला.