पुण्याची भाजी आणि शिवऱ्याचें शिवार

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघून कात्रजचा घाट ओलांडला म्हणजे शिवगंगेचें खोरें लागतें. खेड-शिवापूर मागें टाकून भोर तालुक्याच्या हद्दींत शिरलें कीं शिवरें हें गांव येतें. दोहों बाजूंस डोंगर, मधून महामार्ग, आणि या दोहोंच्या मध्यें जी कांहीं सपाट जमीन उरली आहे तींत भात व भाजीपाला. या खोऱ्यांतून भल्या पहांटे निघालेला माल उजाडण्यापूर्वीं पुण्याच्या बाजारांत पोंचतो. सदाशिव पेठेंतील गृहिणी सकाळीं जी मेथीची जुडी निवडावयास बसते, ती जुडी कालपर्यंत कोणत्या मातींत उभी होती याची तिला कल्पना नसते. याबद्दल तिला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हीं स्वतः तरी ही चौकशी कधीं केली होती? परंतु ती ज्या पेठेंत राहते ती पेठच मुळीं नायगांव नांवाच्या खेड्याच्या जमिनीवर वसली आहे, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे प्रश्न उभा राहतो. भाजी पिकविणारी जमीन पुण्याच्या दारांतून निघून कात्रजच्या घाटापलीकडे कशी गेली? आणि तेथून ती पुढें कोठें जाणार?

योगायोग असा कीं, या कथेचा आरंभ शिवगंगेच्या खोऱ्यांतच होतो. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें, गाढवांचा नांगर फिरविला, आणि येथें पुन्हां वस्ती होऊं नये म्हणून भूमींत पहार ठोकली, अशी परंपरा आहे. पुढें जिजाबाई व बाल शिवाजी यांस घेऊन दादोजी कोंडदेव पुण्यास आले, आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनीं तो शाप पुसला, असेंही सांगतात. सोन्याच्या फाळाची गोष्ट अक्षरशः खरी माना किंवा मानूं नका. पुणेकरांनीं आपल्या शहराची पुनःस्थापना तट, वाडा किंवा बाजार यांपासून न सांगतां नांगरापासून सांगितली, हें मात्र विसरतां येत नाहीं. ज्या हातांनीं पुणें वसविलें त्याच हातांनीं शिवापुरास आंब्याची बाग लावली. त्या बागेचें पानही कोणी तोडूं नये असा दंडक असतां खुद्द दादोजींच्या हातून एक आंबा तोडला गेला. ते आपला हात तोडावयास निघाले, लोकांनीं आवरलें, तेव्हां त्यांनीं अंगरख्याची एक बाही आंखूड करून घेतली. ही कथा आपण मराठी शाळेंत प्रामाणिकपणाचा धडा म्हणून वाचली. तिचा दुसरा अर्थ आम्ही शेवटीं पाहूं.

शहर आणि त्याचा मळा यांचा संबंध तीन धाग्यांनीं विणलेला असतो: पाणी, खत आणि माणूस. हे तिन्ही धागे शाबूत असतील तोंवर मळा शहराला चिकटून राहतो. एकेक तुटूं लागला कीं तो दूर सरतो. पुण्याचा इतिहास या तीन धाग्यांच्याच अनुरोधानें पाहिला पाहिजे.

प्रथम पाणी. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळानें पुण्याच्या हौदांत आणलें. आंबील ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशीं तळें केलें, आणि त्या तळ्याच्या कांठीं हिराबाग फुलली. तळ्यांतल्या बेटावर १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं गणपतीची स्थापना केली. पुढें तळें बुजलें आणि आजची सारसबाग झाली. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, माणिकबाग, अशीं नांवें पुण्यांत पावलोपावलीं भेटतात. आज तुळशीबागेंत भांडीं व बांगड्या मिळतात आणि माणिकबागेंत इमारती दिसतात. परंतु नांवें खोटें बोलत नाहींत. त्या काळचें पुणें हें बागा व मळे मधून मधून पेरलेलें शहर होतें.

दुसरा धागा खताचा. यासंबंधीं मराठी भाषेनें एक मोठा शहाणपणाचा शब्द करून ठेवला आहे: सोनखत. ज्या वस्तूचें नांव घेतांना सभ्य मनुष्य नाकाला पदर लावतो, तिला शेतकऱ्यानें सोनें म्हटलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याची नगरपालिका शहराचा मैला राखेंत मिसळून, वाळवून त्याचें खत करीत असे व तें भोंवतालच्या शेतकऱ्यांस विकीत असे. उंसाच्या मळेवाल्यांची त्यावर विशेष उडी पडे. शहरानें जेवावें, आणि जेवणाचें ऋण मातीला परत करावें, असा तो व्यवहार होता. (तें काम ज्या माणसांच्या माथीं मारलें जाई त्यांस समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, हा त्या सोन्यावरचा काळा डाग; तो झांकून ठेवून जुन्या काळाचें गुणगान करणें आम्हांस मान्य नाहीं.)

योहान फोन थ्यूनेन या जर्मन जमीनदारानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच नियम शास्त्राच्या भाषेंत मांडला. सपाट प्रदेशाच्या मधोमध एकच शहर आहे असें कल्पा, असें तो म्हणतो. त्याच्या भोंवतीं शेतीचीं वर्तुळें पडतील. सर्वांत आंतलें वर्तुळ भाजीपाला, फळें व दूध यांचें. कारण हा माल नासतो, त्याला लांबचा प्रवास सोसत नाहीं, आणि शहराचें खत तेथेंच स्वस्त मिळतें. धान्य त्याच्या बाहेर, गुरांचीं कुरणें त्याहून बाहेर. थ्यूनेननें पुणें पाहिलें नव्हतें. परंतु भांबुर्डें, एरंडवणें, कोथरूड, मुंढवें, हडपसर हीं गांवें त्याच्या आंतल्या वर्तुळांतच बसत होतीं.

तिसरा धागा माणसाचा. पुण्याचा मळा माळ्यांनीं राखला. जोतीराव फुले यांचें घराणें मूळचें गोऱ्हे. पेशव्यांस फुलें पुरविण्याच्या व्यवसायावरून तें फुले झालें, हें प्रसिद्ध आहे. जोतीरावांचे वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. म्हणजे ज्या मनुष्यानें महाराष्ट्राच्या सामाजिक विचाराचा नांगर उलटा फिरविला, तो पुण्याला भाजी पुरविणाऱ्या वर्गांतच जन्मला होता. 'शेतकऱ्याचा असूड' हा त्यांचा ग्रंथ १८८३ सालचा. शेताची सुपीक माती पावसानें वाहून जाते ती बांधबंदिस्ती करून अडवावी, तलाव व धरणें बांधावींत, पाणी वेळेवर द्यावें, या गोष्टींचा विचार त्यांत आहे. त्यांत मळेकऱ्याचा अनुभव बोलतो, असें आम्हांस वाटतें.

याच काळांत शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलवून त्यासाठीं मोठी इमारत बांधण्याचें ठरलें. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीरावांनीं त्या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असें त्यांचें म्हणणें होतें. तरीही इमारत झाली, १८८६ सालीं तिचें उद्घाटन झालें, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें तिला जोतीरावांचेंच नांव दिलें गेलें. ज्यानें इमारतीस विरोध केला त्याचेंच नांव इमारतीला, हा विनोद पुण्यालाच शोभतो. परंतु त्यांत एक न्यायही आहे: भाजी विकण्याच्या जागेला भाजी पिकविणाऱ्याच्या कुळांतलें नांव मिळालें.

आतां धागे कसे तुटत गेले तें पाहूं. १८७९ सालीं खडकवासल्याचें धरण पुरें झालें, आणि मुठेचा उजवा कालवा पुण्यांतून हडपसर, मांजरीकडे वाहूं लागला. तो प्रामुख्यानें शेतीसाठीं, आणि पुण्याच्या व लष्कराच्या पिण्यासाठींही होता. आरंभीं हा लाभ मोठाच झाला. कालव्याच्या पाण्यावर ऊंस आला, भाजी आली, लष्कराच्या छावणीला लागणारा कोबी व फुलकोबी आला. परंतु ज्या पाण्यानें मळा वाढला त्याच पाण्यानें शहर वाढलें. शहराची तहान जसजशी वाढली तसतसा शेताचा वाटा आटला. आज मुंढव्यापाशीं शहराचें वापरलेलें पाणी शुद्ध करून कालव्यांत सोडतात. म्हणजे पूर्वीं शेताचें पाणी शहरानें प्यावें, आणि आतां शहराचें सांडपाणी शेतानें प्यावें, असा हा उलटा न्याय झाला.

खताचा धागा त्याहून निमूटपणें तुटला. गटारें झालीं, ती स्वच्छतेच्या दृष्टीनें अत्यंत इष्ट गोष्ट झाली. परंतु सोनखताचें सोनें नदींत वाहून गेलें आणि शेतकरी रासायनिक खताच्या पोत्याकडे वळला. ओला कचरा गाड्यांनीं भरून फुरसुंगी-उरुळीच्या डेपोवर जाऊं लागला, आणि ज्या गांवांनीं शहराला जेवूं घातलें त्यांच्याच उशाशीं त्याचे डोंगर उभे राहिले. सर अल्बर्ट हॉवर्ड यानें १९२४ ते १९३१ या काळांत आपल्या शेजारच्या इंदुरास कंपोस्टची जी रीत बसविली, ती साऱ्या जगानें उचलली. पुण्यानें ती उशिरां व अर्धवट उचलली.

शेवटीं माणसाचा धागा. १९९७ सालीं पुण्याच्या हद्दींत बरींच खेडीं घेतलीं गेलीं. २०१७ सालीं अकरा, आणि २०२१ सालीं आणखी तेवीस. या तेविसांत मांजरी बुद्रुक आहे, आणि कात्रज घाटाच्या तोंडाचें भिलारेवाडीही आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यांतील शंभरांवर शेतकरी कुटुंबांनीं आपल्या सुमारें चारशें एकर जमिनी एकत्र करून स्वतःच वसाहत उभारली, आणि जमिनीचे मालक तिचे भागीदार झाले. त्यांचा शहाणपणा आम्ही वाखाणतों. परंतु भाजीच्या दृष्टीनें पाहतां परिणाम एकच: आंतलें वर्तुळ बाहेर सरकलें.

कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला? आज नाशिकची कोथिंबीर, आग्ऱ्याचा बटाटा व सिमल्याचें सफरचंद एकाच हातगाडीवर मिळतें. खरें आहे, वाहनानें थ्यूनेनचीं वर्तुळें ताणून मोठीं केलीं आहेत. परंतु ताणलेली दोरी संकटकाळीं प्रथम तुटते. दुसऱ्या महायुद्धांत धान्याची टंचाई झाली, १९४३ सालीं शिधावाटप आलें, 'अधिक धान्य पिकवा' ही हांक उठली. लंडनमध्यें तर बागबगीचे खणून बटाटे लावले गेले. २०२० सालच्या टाळेबंदींत बाजार बंद पडले, तेव्हां जवळच्या शेतकऱ्यानें सोसायटीच्या फाटकाशीं आणून दिलेली भाजी किती जणांनीं कृतज्ञतेनें घेतली, हें फार जुनें झालेलें नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल, गच्चीवर भाजी लावूं. अवश्य लावावी. गच्चीवरच्या चार वाफ्यांनीं शहराचें पोट भरणार नाहीं. भात, डाळ व कांदा गच्चीवर होत नाहीं. परंतु स्वयंपाकघरांतला ओला कचरा तेथेंच मातींत मुरतो, म्हणजे तुटलेल्या खताच्या धाग्याची एक गांठ पुन्हां बसते. आणि ज्या मुलानें स्वतःच्या हातानें एक वांगें वाढविलें, तें मूल मंडईंत दोन रुपयांसाठीं माळिणीशीं हुज्जत घालणार नाहीं. हा लाभ आम्ही लहान समजत नाहीं.

परंतु खरा प्रश्न गच्चीचा नाहीं, शिवऱ्याचा आहे. काल एरंडवणें व हडपसर जेथें होतें, तेथें आज शिवगंगेचें खोरें उभें आहे. पुण्याभोंवतींच्या नियोजित वर्तुळमार्गाची आंखणी भोर तालुक्याच्या याच बाजूस येऊन मिळते. रस्त्याच्या कडेला भूखंडविक्रीच्या पाट्या लागल्या आहेत, आणि बहुतेकांवर 'निसर्गाच्या सान्निध्यांत' असे शब्द आहेत. ज्या भातखाचरामुळें तो निसर्ग दिसतो तें बुजवूनच तो विकावयाचा आहे. या खोऱ्यापलीकडे वेल्ह्याचे व भोरचे डोंगर; तेथें खाचरें आहेत, पण बारमाही भाजीची सपाट जमीन थोडी. म्हणून मळा आतां पुढें सरकूं म्हणेल तर डोंगर आडवा येतो.

मग शिवऱ्याच्या शेतकऱ्यानें आपली जमीन विकूं नये काय? असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. शहरांतल्या माणसाला ताजी मेथी मिळावी म्हणून खेड्यांतल्या माणसानें गरीब राहावें, ही अपेक्षा दुष्टपणाची आहे. पाऊस चुकला कीं जो बुडतो आणि भाव पडला कीं जो कोथिंबीर रस्त्यावर ओततो, त्याला मातीची थोरवी आम्हीं सांगावी, हें त्याच्या जखमेवर मीठ चोळणें होय.

येथें दादोजींची ती आंखूड बाही पुन्हां आठवते. बाग राखण्याचा दंडक त्यांनीं रयतेसाठीं घातला, हें विशेष नव्हे. दंडक घालणारे पुष्कळ असतात. विशेष हें कीं, दंडक मोडतांच शिक्षा स्वतःला केली, आणि बाही स्वतःची कापली. मळा राखावयाचा असेल तर बाही शहरानेंच आंखूड केली पाहिजे. पाणी जपून वापरावें, म्हणजे खोऱ्याचें पाणी खोऱ्यांत राहील. ओला कचरा खत करून शेतास परत द्यावा. हद्द वाढवितांना पिकाऊ सपाट जमीन शेवटीं घ्यावी, मुरमाड माळ आधीं. आणि जवळच्या मालाला असा भाव द्यावा कीं, मळा राखणें हा शेतकऱ्याला त्याग न वाटतां धंदा वाटावा.

सोन्याच्या फाळाची कथा पुणेकर अभिमानानें सांगतात. ती सांगण्याचा हक्क राखावयाचा, तर नांगर फिरविण्याजोगी थोडी जमीनही राखली पाहिजे.