मातीविना पाला : थोडा इतिहास



आपली वसईची वाडी विहिरीवर जगली. रहाट फिरायचा, पाटाने पाणी जायचं. केळी, पानवेल, भाजी पिकायची. शहर वाढलं, तसं विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. ते राखायला १९९०च्या सुमारास हरित वसईची चळवळ झाली. आता वाडीला पाणी कमी आणि जागाही कमी. म्हणून ही माहिती.

मातीविना पीक घेणं आजचं नाही. कॅलिफोर्नियात गेरिक यांनी खताच्या पाण्यावर टोमॅटो वाढवले. १९३७ साली या रीतीला ‘हायड्रोपोनिक्स’ नाव मिळालं. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालात कालिंपोंगला साध्या, स्वस्त साधनांवर प्रयोग केले.

आता घरात नळ्या एकावर एक मांडून लेट्यूससारखा पाला घेतात. तेच पाणी पंपाने फिरतं, म्हणून थोडक्यात भागतं. मात्र वीज गेली की मुळं सुकतात, पाणी तापलं की रोप मान टाकतं आणि दिव्यांचं बिल येतं ते वेगळंच.

तेव्हा आधी गिऱ्हाईक बघा, दहा-वीस रोपांवर करून पाहा, मगच पैसा घाला. आणि विहीर बुजवू नका. नळीतलं पाणीही शेवटी तिचंच.