विंडो बंद करणे (संगणक)

पडद्यावरील विंडोच्या कोपऱ्यातील फुली किंवा लाल बटण दाबून ती मिटवण्याची क्रिया. विंडो मिटली की प्रोग्रॅम थांबला, अशी बहुतेक वापरकर्त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात विंडो हा प्रोग्रॅमचा फक्त दिसणारा भाग आहे. प्रोग्रॅम तिच्याशिवायही चालू राहू शकतो.

उजव्या कोपऱ्यातील फुली घरोघरी पोहोचली ती विंडोज ९५ मुळे (१९९५). या प्रणालीत शेवटची विंडो मिटली की सहसा प्रोग्रॅमही संपतो. मॅकवर मात्र विंडो जाते आणि प्रोग्रॅम बहुधा चालूच राहतो. विंडोजवरही कॉल आणि निरोपांचे अनेक प्रोग्रॅम फुली दाबल्यावर घड्याळाशेजारच्या चिन्हांत जाऊन बसतात. आलेला कॉल चुकू नये, ही त्यामागची सोय खरी आहे. पण ती वापरणाऱ्याला विचारून दिलेली असावी.

विंडो मिटली की प्रोग्रॅम थांबला, या समजुतीला गेलेला एक गंभीर तडा म्हणजे झूम या व्हिडिओ बैठकींच्या प्रोग्रॅमचे २०१९ चे प्रकरण. मॅकवर झूम बसवताना एक छोटा स्थानिक वेब सर्व्हर गुपचूप बसत असे. झूम बंद केले, इतकेच नव्हे तर काढून टाकले, तरी तो मागे राही आणि बैठकीचा दुवा उघडताच झूम पुन्हा बसवू शके. एखाद्या संकेतस्थळाला त्याच्यामार्फत वापरकर्त्याला कॅमेरा सुरू असलेल्या बैठकीत ओढता येई. सफारी ब्राउझरमधील एक जादा क्लिक वाचवण्यासाठी ही तजवीज केल्याचे कंपनीने सांगितले. एका क्लिकसाठी दिलेली ही किंमत कोणत्याही हिशेबाने फार मोठी होती. जुलैमध्ये एका सुरक्षा संशोधकाने हे जाहीर केल्यावर झूमने सर्व्हर काढला. ॲपलनेही मॅकवर परस्पर अपडेट पाठवून तो हटवला.

ब्राउझरमध्ये गुंतागुंत आणखी वाढते. बहुतेक ब्राउझरांत खाजगी विंडोतील कुकी आणि इतिहास त्या प्रकारच्या सर्व विंडो मिटल्यावरच पुसले जातात. एक जरी उघडी राहिली तरी कुकी टिकतात. साध्या विंडोत मागील टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल, तर ब्राउझर मिटवूनही खाते उघडे राहू शकते. सायबर कॅफेतील किंवा कार्यालयातील सामायिक संगणकावर त्यामुळे लॉगआउट करणेच आवश्यक ठरते.

फोनवर आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १२ (२०२१) पासून मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू असल्याची रंगीत खूण पडद्यावर दिसते. मिटवलेला प्रोग्रॅम नेटवरून कोणती माहिती पाठवत आहे, हे मात्र ती खूण सांगत नाही.