उन्हाळ्याचे बिऱ्हाड कोणत्या डोंगरावर?

देवळाली म्हटले की परगावच्या माणसाची गल्लत ठरलेली. हवापालटाचे ठिकाण म्हणून जिचे नाव झाले ती देवळाली नाशिकजवळची. ब्रिटिशांची छावणी आणि पुढे पारशी-गुजराती समाजांनी बांधलेली आरोग्यभुवने यांमुळे ती प्रसिद्धीस आली. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा वेगळी. प्रवरेच्या कालव्यावर भिजणाऱ्या उसाच्या पट्ट्यातील हे नगरपरिषदेचे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर उंचीवर आहे. एप्रिल उजाडला की तेथील पारा चाळिशीला टेकतो. गळीत हंगाम तोवर आटोपलेला असतो, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि घरात दम्याचा विकार असलेले आजोबा किंवा तान्हे मूल असेल, तर दीड-दोन महिने थंड हवेच्या गावी बिऱ्हाड हलविण्याचा विचार मूळ धरू लागतो. (या पट्ट्यात स्थलांतर म्हणजे प्रथम आठवते ती दिवाळीच्या सुमारास कोपीत येऊन उतरणारी ऊसतोड कुटुंबे. त्यांच्यापुढे गाव निवडण्याचा प्रश्नच नसतो.)

अशा कुटुंबाची नजर साहजिकच आधी भंडारदऱ्याकडे वळते. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, जिल्हा तोच आणि नदीही तीच. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणात अडते. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून फुटणाऱ्या कालव्यांनी राहुरीपर्यंत येते. शेजारीच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर असल्याने भंडारदराही बराच उंच असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात धरणाकाठची वस्ती साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटर चढाईला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हे सर्वसाधारण गणित लावले तर देवळालीपेक्षा तेथे उंचीमुळे मिळणारा गारवा दीड-दोन अंशांचाच. उरलेला सुखद अनुभव वारा, झाडी आणि मोकळ्या रात्री यांच्या खात्यावर जमा करावा लागतो. दोन दिवसांच्या सहलीला तो पुरतो, साठ दिवसांच्या मुक्कामाला पुरेलच असे नाही.

पाण्याचीही गंमत आहे. मे महिन्यात जलाशय आटलेला दिसतो, कारण ज्या पाण्याशेजारी बिऱ्हाड थाटायचे तेच पाणी उन्हाळी आवर्तनांतून खालच्या पिकांना गेलेले असते आणि त्यात देवळालीचा ऊसही आला. अकोले तालुक्यातील डोंगरवाड्यांसाठी 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण नुसती म्हण राहिलेली नाही. घर भाड्याने घेण्यापूर्वी विहीर, नळयोजना की टँकर, याची चौकशी एप्रिलच्या अखेरीस, प्रत्यक्ष जाऊन करावी. डिसेंबरात दिलेल्या आश्वासनावर विसंबू नये.

खरी उंची हवी असेल तर महाबळेश्वर-पाचगणीचा पर्याय उरतो. नगर, पुणे, वाई असा अडीचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, पण १३०० ते १४०० मीटरची उंची मिळते आणि उंचीच्याच हिशेबाने पाच-सहा अंशांचा फरक पडतो. महाबळेश्वरात एप्रिल-मेमध्येही दुपारचा पारा सहसा तिशीच्या आसपास रेंगाळतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून १८२९ च्या सुमारास ही जागा घेतली आणि तेथे वसलेल्या पेठेस 'माल्कम पेठ' हे नाव पडले. पुढे इलाख्याचे सरकारच उन्हाळ्यात तेथे मुक्कामाला जाऊ लागले. मात्र हे सरकारही पावसाळ्यात वर थांबत नसे, ते पुण्याला उतरत असे.

या शिरस्त्यामागचे कारण आजही तितकेच खरे आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस वीसएक किलोमीटरवरील पाचगणीत तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. उंचीत मोठा फरक नाही. फरक आहे तो डोंगराच्या कोणत्या बाजूला गाव आहे, याचा. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसविली, ती बारमाही राहण्याजोगी जागा म्हणूनच. निवासी शाळा तेथे रुजल्या, १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले, ते याच कोरड्या हवेच्या भरवशावर. दमेकरी माणसाला धुके आणि ओल यांचा जाच होतो, हे लक्षात घेतले तर दोहोंत पाचगणी उजवी ठरते. शिवाय पसरणी घाट उतरला की वाईचे दवाखाने आणि बाजार हाताशी. महाबळेश्वराची निसर्गशोभा अधिक, पण सुटीच्या दिवशी तेथे दूध आणायला निघालेला माणूस वाहनांच्या रांगेत अडकतो.

माथेरानची गोष्ट निराळी. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी प्रकाशात आणलेल्या आणि १९०७ पासून छोट्या रेल्वेने जोडलेल्या या गावात खासगी मोटारींना मज्जाव आहे. मुलांना तेथे मोकळे सोडता येते, हे सुख अन्यत्र विरळाच. परंतु उंची आठशे मीटरच, आणि दस्तुरी नाक्यापुढे सामानासकट म्हाताऱ्या माणसाला न्यायचे म्हणजे कसरत. रुग्णवाहिकेला परवानगी असली तरी गंभीर रुग्णाला घाट उतरावाच लागतो. विदर्भातील कुटुंबांना १११८ मीटरवरचे चिखलदरा सोयीचे. देवळालीहून ते फार आडवळणी.

घरमालकाशी व्यवहार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. दोन महिन्यांसाठी कशाला, असे मालक म्हणतो. भांडण झाले की तोच कागद उपयोगी पडतो. दोन-तीन उन्हाळे काढल्यावर जागा विकत घेण्याचा मोह होतो, तेव्हा अधिक सावध राहावे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने बांधकामावर कडक निर्बंध आहेत. अकोले तालुक्यातील आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. 'सगळे असेच घेतात' हे दलालाचे उत्तर न्यायालयात टिकत नाही.

परतीचा दिवस निघण्याआधीच ठरविलेला बरा. मेच्या अखेरीस सह्याद्रीवर वळिवाच्या सरी सुरू होतात, काजवे पाहणाऱ्यांची वाहने भंडारदऱ्याचा रस्ता अडवितात आणि मृग लागला की घाटात दरडींची धास्ती. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झोडपतो, त्याच जिल्ह्यात राहुरीला पाचशेच्या आसपास. त्यामुळे खाली देवळालीत आभाळ कोरडे असले तरी वरचा रस्ता बंद असू शकतो. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. जूनचा पहिला आठवडा उजाडण्यापूर्वी सामान खाली आणलेले असावे. गाद्या आणि धान्य तर त्याही आधी, कारण ओल प्रथम शिरते ती त्यांच्यातच.