लाल तेलाची गोष्ट

आपल्यापैकी अनेकांचा डावा पाय भारतात क्लचवर तयार झालेला. अमेरिकेत पहिली जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली की आठवडाभर तो बिचारा उगाच काहीतरी शोधत असतो! त्याचं काम इथे एक लाल तेल करतं. हे तेल मी घरीच बदलतो, त्या निमित्ताने त्याचा इतिहास वाचत गेलो. तो इंजिनापेक्षा रंजक निघाला.

जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ जाहीर केलं. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये ५७ डॉलर जादा भरले की ते मिळे. मोठ्या प्रमाणावर विकलं गेलेलं हे पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. पुढे महायुद्धात ते रणगाड्यांतही बसलं. युद्धानंतर अशा गाड्या लाखांनी खपू लागल्या आणि प्रश्न आला, यांत तेल कुठलं घालायचं? १९४९ मध्ये कंपनीने ‘टाइप ए’ हे मानक ठरवलं. त्यात बसणारं तेल कोणत्याही रिफायनरीने बनवावं, शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडून तपासून घ्यावं आणि परवाना क्रमांक डब्यावर छापावा. आमच्या धंद्याच्या भाषेत हे ‘ओपन स्टँडर्ड’च! तेलासाठी डीलरच्या दारात जायची गरज उरली नाही. इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये आणि गळती चटकन ओळखता यावी म्हणून तेलाला लाल रंग दिला गेला.

पण या तेलाकडून अपेक्षा मोठी विचित्र. इंजिन ऑइलने फक्त घसरू द्यायचं. इथे आतल्या क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या. त्या एकमेकींना भिडताना क्षणभर घसरायला हव्यात आणि मग घट्ट धरायला हव्यात. नाहीतर गिअर बदलताना धक्का बसतो. हा गुण आणायला रसायनतज्ज्ञांनी घातलं स्पर्म व्हेल माशाचं तेल. (मासा आपण म्हणायचं, आहे सस्तन प्राणीच.) रॉकेल आल्यावर दिव्यांपासून सुटलेला हा देवमासा आता गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये अडकला. गाडी धुऊनपुसून चकचकीत ठेवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. पर्याय शोधणं सोपं नव्हतं. जनरल मोटर्सचं ‘डेक्सरॉन’ तोवर आलेलं होतं. १९७३ च्या सुमाराला व्हेलविरहित ‘डेक्सरॉन-२’ आलं, तर त्याने रेडिएटरमधल्या तेल थंड करणाऱ्या भागाचे डाख गंजू लागले! मग सुधारित आवृत्ती. एक बग काढताना दुसरा घुसतो, हा अनुभव सॉफ्टवेअरवाल्यांची मक्तेदारी नाही. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या होहोबा झुडपाच्या बियांचं तेल व्हेलच्या तेलाशी जवळचं, त्यावरही संशोधन झालं. पण मुख्य भार उचलला तो कारखान्यात बनवलेल्या रसायनांनीच.

घरी तेल बदलणाऱ्याचं राज्य मात्र हळूहळू आक्रसत गेलं. पूर्वी अनेक गाड्यांच्या टॉर्क कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग असे, सगळं तेल निघे. तो गेल्यावर खालच्या पॅनमधून साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं तेलच बाहेर येतं. म्हणून बरेच जण थोडं चालवून पुन्हा बदलतात. मग होंडा, टोयोटा, प्रत्येकाचं तेल वेगळं झालं. जनरल मोटर्सने २००५ मध्ये ‘डेक्सरॉन-६’ आणलं आणि जुन्या ‘डेक्सरॉन-३’ चे परवाने २००६ अखेर संपवले. बऱ्याच गाड्यांतून डिपस्टिकही गेली. काही कंपन्या म्हणतात, तेल ‘लाइफटाइम’ आहे. कुणाच्या लाइफटाइमपर्यंत, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं!

तुमच्या गाडीला ड्रेन प्लग असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर काम अवघड नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. तेल कढत नको, कोमट असू द्या. प्लगच्या चुंबकावर करडा, मेणासारखा थर दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज. धातूचे तुकडे दिसले तर मेकॅनिक गाठा. निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच नवं घाला. जुनं तेल बाटल्यांत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या; बरीच दुकानं ते फुकट घेतात.